दुसऱ्या दिवशीचा अर्धा तास

माझी बायको नदीतला ऑक्सिजन मोजते आणि मी कारंजी उडवतो. शहराच्या एकाच खात्यात, एकाच इमारतीत, फक्त मजले वेगळे. ती वरच्या मजल्यावर, कारण तिच्याकडे प्रयोगशाळा आहे. मी तळघरात, कारण माझ्याकडे पाने-पकडी आणि पाइप आहेत. या शहरात जिथे जिथे पाणी विनाकारण वर जातं तिथे माझ्या नवऱ्याचा हात आहे, असं ती पाहुण्यांना सांगते. चौकातलं कारंजं, इस्पितळाच्या अंगणातलं, स्टेशनासमोरचं. बावीस वर्षं झाली. मला बोलायची सवय फार, म्हणून खात्यात मला 'फवारा' म्हणतात आणि तिला 'मीटरबाई'. जोडी शोभून दिसते असंही म्हणतात. कशावरून, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षीपर्यंत आमची कामं एकमेकांना शिवलीसुद्धा नव्हती. मग खात्याने नदीचं मनावर घेतलं. उन्हाळ्यात आमची नदी दोन बंधाऱ्यांच्या मध्ये नुसती पडून असते. वरचं पाणी बरं असतं, त्यात शेवाळ असतं, मासे असतात. तळाशी मात्र काळा गाळ आणि त्याच्यावर कुजलेलं पाणी. त्यात ऑक्सिजन नावालाही नसतो. तिथे पाच तरंगती कारंजी बसवली. लोकांना वाटतं शोभेची आहेत, आणि दिवे लागतात म्हटल्यावर लोकांचं चुकलं असंही म्हणता येत नाही. खरं काम वेगळंच. प्रत्येक कारंज्याला खालून एक पाइप आहे. तो तळाजवळचं पाणी ओढतो, पंप ते वर उडवतो, आणि खाली पडता पडता ते पाणी हवा घेऊन येतं. रोज बेताबेताने केलं की नदी सुधारते. हे सगळं मला बायकोने सांगितलं. मी म्हणालो, म्हणजे मी इतकी वर्षं शोभेसाठी करतोय तेच तुम्ही आता शास्त्रासाठी करणार. ती म्हणाली, "हो, फक्त आम्ही मोजून करतो."

यंदा केबल बदलायची होती म्हणून ती कारंजी सहा आठवडे बंद राहिली, तीही ऐन उन्हाळ्यात. रविवारी पाहुणे येऊन नवे दिवे लावणार होते. त्याआधी सगळं सुरू करायचं काम माझ्याकडे आलं. मंगळवारी सकाळी तिने माझ्या हातात एक कागद दिला. पहिला दिवस, दोन कारंजी, पाव तास. दुसरा दिवस, दोन कारंजी, अर्धा तास. तिसऱ्या दिवशी तीन कारंजी, एक तास. असं वाढवत वाढवत रविवारी पाचही, पूर्ण वेळ.

"एकदम लावायची नाहीत," ती म्हणाली. "सहा आठवड्यांचं साचलेलं एका वेळी वर आलं तर वरच्या पाण्यातला ऑक्सिजन ते खाऊन टाकेल. मासे पटापट मरतील."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. हे वाक्य मी दिवसातून चारदा तरी म्हणतो.

कागदावर रोजच्या ओळीपुढे मिनिटं लिहायला जागा होती आणि तिच्या पुढे सही. ती सही मीटरबाईची. पण तिच्याकडे शहरातली चार ठिकाणं, रोज माझ्या उरावर येऊन उभं राहणं तिला जमणार नव्हतं. म्हणून सहाही ओळींपुढे तिने आधीच सह्या करून ठेवल्या होत्या. नियमात बसत नाही. पण समोर नवराच आहे म्हटल्यावर तिला त्यात काही वाटलं नाही, आणि मलाही नाही.

मंगळवार बिनबोभाट गेला. बुधवारी दुपारी दोन वीसला मी पहिलं आणि तिसरं कारंजं लावलं आणि पाच मिनिटांत साहेब येऊन टपकले. आमचे साहेब माणूस वाईट नाहीत. पाणी वर गेलेलं दिसलं की काम झालं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. नेमकं तिसऱ्याची तोटी तुंबली होती. धार एका बाजूला कलून, अडखळत, थुंकल्यासारखी उडत होती.

"हे काय?" साहेब म्हणाले. "रविवारी पाहुण्यांना हे दाखवायचं? कुणीतरी गुळण्या करतंय असं वाटतंय."

ते हसले. त्यांच्याबरोबरचा ड्रायव्हरही हसला. मला आणखी काही ऐकायची गरज नव्हती. माझ्या नाकावर राग असतोच, त्याला बसायला जागा शोधावी लागत नाही. बावीस वर्षांत माझ्या कारंज्याला कुणी गुळणी म्हटलं नव्हतं.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बंद पडलेलं कारंजं पुन्हा चालू करताना सगळ्या झडपा सताड उघडायच्या आणि पूर्ण जोरात अर्धा-पाऊण तास सोडायचं. पाइपातला गंज, पाला, चिखल, जे काय असेल ते धडाधड बाहेर पडतं. आम्ही त्याला घसा साफ करणं म्हणतो. चौकातल्या हौदांमध्ये मी हे इतक्या वेळा केलंय की त्यासाठी मला विचार करावा लागत नाही, आणि तेव्हाही मी तो केला नाही. अडीच वाजले होते. मी पाचही पंप लावले आणि पाचही झडपा पूर्ण उघडल्या.

काय उडाली म्हणून सांगू! पुलावरची माणसं थांबून बघायला लागली. आधी पाणी तपकिरी आलं, मग काळं, मग अंडी सडल्यासारखा वास सुटला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"घाण बाहेर पडतेय, साहेब," मी म्हणालो. "चांगली खूण आहे."

"बघा बुवा," म्हणत साहेब गाडीत बसले, पण चेहरा खूश होता. मी चाळीस मिनिटं सोडलं. तिसऱ्याची धार सुतासारखी सरळ झाली. तीन वाजून दहा मिनिटांनी मी सगळं बंद केलं, हात पुसले आणि सवयीने पुढच्या कामाला लागलो. घसा साफ झाला की हौदाचं बूच काढायचं, घाण पाणी सोडून द्यायचं, हौद घासायचा आणि ताजं पाणी भरायचं. मी खरोखर दोन पावलं चाललो. मग समोर बघितलं. समोर नदी होती. तिला बूच नसतं.

पाचही कारंज्यांभोवती काळे डाग होते आणि ते हळूहळू पसरून एकमेकांत मिसळत होते. मी काठावरच्या स्विचच्या खोलीत गेलो. खोली कसली, माणूस आणि पॅनेल दोघं उभे राहिले की भरली. भिंतीला खिळ्यावर तिचा कागद होता. दुसरा दिवस, दोन कारंजी, अर्धा तास. पुढे मोकळी जागा आणि तिच्यापुढे तिची ठसठशीत सही. मी खिशातून पेन काढलं आणि मोकळ्या जागेत 'तीस' लिहिलं. का लिहिलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. हात आपोआप गेला म्हटलं तर ते खोटं होईल. मी घाबरलो होतो, एवढंच खरं.

साडेतीनला तिचा फोन आला. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला होती.

"झालं का?"

"झालं."

"अर्धाच तास ना?"

"लिहिलंय तसंच," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे."

"बरं झालं बाई. आज इथे नुसता गोंधळ आहे. तुझ्याकडचं तरी धड आहे." असं म्हणून तिने फोन ठेवला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण गेल्या महिन्यात तिचा एक आकडा चुकला होता. मीटरच्या सळईच्या टोकाला एक पातळ पडदा असतो. तो जुना झाला होता, आकडा भलताच आला आणि तिने तसाच वर पाठवला. साहेबांनी तो भर बैठकीत वाचून दाखवला. त्या दिवसापासून ती सगळं दोनदा मोजते. घरी भाजीतलं मीठसुद्धा दोनदा चाखते आणि तरी मला विचारते, बरोबर आहे ना रे? आता त्या कागदावर तिची सही होती. मासे मेले तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जाणार, हे मला लख्ख दिसत होतं. आणि हे दिसत असूनही मी मूग गिळून बसलो. तिला वाचवण्यासाठी गप्प आहे असं मी स्वतःला सांगत होतो. मी स्वतःला वाचवत होतो.

दोन तास मी काठावर येरझारा घातल्या. आधी काहीच दिसेना, तेव्हा वाटलं आपण उगाच धसका घेतला. मग साडेचारच्या सुमाराला दुसऱ्या कारंज्याजवळ माशांची तोंडं वर आली. बारीक मासे, ओळीने, तोंड उघडं. पुलावरून कुणीतरी पावाचे तुकडे टाकत होतं. मला केवढा आनंद झाला! खायला आलेत, मी मनात म्हणालो. पण तुकडे त्यांच्या तोंडासमोरून तरंगत गेले आणि एकाही माशाने ते घेतले नाहीत. तोंडं नुसती उघडमिट करत राहिली.

साडेपाचला ती आली. खांद्यावर मीटरची पेटी, केस विस्कटलेले. संध्याकाळचा आकडा घेऊन घरी जाऊ म्हणाली. मग माझ्याकडे बघून थांबली.

"काय झालं?"

"कुठे काय?"

"तू बोलत नाहीयेस."

अठरा वर्षांच्या संसारात हा आरोप माझ्यावर पहिल्यांदाच झाला होता. मी खाली बघितलं आणि म्हणालो, "अगं, जरा जास्त चाललं. साहेब आले होते. पाचही लावली."

तिने पेटी हळूच खाली ठेवली. "पाचही? तळाच्या पाइपांसकट?"

"घसा साफ करायचा म्हणून."

"कधी?"

आणि इथे मी जे केलं त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. अडीच म्हटलं असतं तर साडेतीनच्या फोनवर मी खोटं बोललो हे उघड झालं असतं. चूक कबूल करायला मी तयार होतो. खोटेपणा कबूल करायला नव्हतो.

"तुझा फोन येऊन गेल्यावर," मी म्हणालो. "साडेचारला."

"किती वेळ?"

"वीसेक मिनिटं."

तिने डोळे मिटले. ती ओठ हलवत हिशेब करत होती, इतक्या वाजता ढवळलं, इतका वेळ ढवळलं, ताशी इतका उतरणार, सूर्य मावळला की शेवाळही मदत करायचं थांबणार. मग तिने डोळे उघडले आणि सुस्कारा सोडला.

"वाचतील," ती म्हणाली. "आत्ता पाण्यातल्या ऑक्सिजनचा आकडा साडेचार-पावणेपाच असेल. सकाळपर्यंत तीनच्या खाली जाणार नाही. तीनच्या वर मासे तग धरतात." आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "सांगितलंस ते बरं केलंस. रंग उडालाय तुझा. बस जरा."

मी बसलो नाही, त्या हाताखालून निघून नाव सोडायला गेलो.

आकडा घ्यायला आम्ही खात्याची छोटी नाव काढली. मी वल्हवत होतो. दुसऱ्या कारंज्याजवळ तिने सळई पाण्यात सोडली आणि मीटरकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

"तीन पॉइंट एक," ती म्हणाली. "असं कसं?"

आणखी पुढे गेलो. दोन पॉइंट नऊ. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. काठाजवळ घेऊन गेलो. तीन पॉइंट दोन.

"पडदा गेला वाटतं परत," ती पुटपुटली. पेटीतून नवा पडदा काढला. तो नखाएवढा असतो. नाव हलत होती. पहिला पडदा बोटांतून निसटून पाण्यात पडला. दुसरा तिने बसवला, मीटर पुन्हा जुळवून घेतलं, सळई हवेत धरून थांबली, पाण्यात घातली, बाहेर काढली, पुन्हा जुळवलं. या सगळ्यात वेळ जात होता. सूर्य पलीकडच्या इमारतींना टेकला होता.

"दोन पॉइंट आठ." तिने मीटर मांडीवर ठेवलं. "नव्या पडद्यानेही तेच. म्हणजे माझा हिशेब चुकला. नाहीतर जुळवतानाच काही चुकतंय." ती माझ्याकडे बघत नव्हती, पाण्याकडेही नाही. "गेल्या महिन्यातही असंच झालं. मला आता जमेनासं झालंय की काय? खरं सांग, तुला काय वाटतं?"

तिचे डोळे भरले होते. पंचवीस वर्षं मोजणारी बाई, आणि ती मला, नळवाल्याला, विचारत होती की मला मोजता येतं ना. माझ्या खोट्यासाठी ती स्वतःच्या हातांना खोटं पाडत होती. मला ते बघवेना.

"तुझं काही चुकलेलं नाही," मी म्हणालो. "साडेचारला नाही. अडीचला. आणि वीस मिनिटं नाही, चाळीस."

नावेला पाणी लागल्याचा आवाज येत होता.

"बंद कधी केलीत?" तिने विचारलं. एरवी ती मला चारचौघांतच अहो-जाहो करते. नावेत आम्ही दोघंच होतो.

"तीन दहाला."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा…"

"हो."

तिने डोळे पुसले नाहीत, आधी मीटर पुसलं. बाहीने, नीट, चारी बाजूंनी. मग ते पेटीत ठेवलं आणि घड्याळात बघितलं. सहा पस्तीस. ती रडेल, ओरडेल, वल्हं हिसकावून माझ्या डोक्यात घालेल असं मला वाटलं, आणि खरं तर तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने फोन काढला.

वरच्या बंधाऱ्याचं दार सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ आहेत, सगळं खातं त्यांना मामा म्हणतं. सातच्या ठोक्याला ते कुलूप घालून निघतात आणि मग त्यांना शोधून काढणं देवालाही जमत नाही.

"मामा, अजून तिथेच आहात ना? दार एक वीत उघडा. आत्ता. ताजं पाणी सोडायला हवं, नाहीतर खाली मासे जातील." पलीकडून मामा काहीतरी म्हणाले. "साहेबांची चिठ्ठी नाही. नोंद माझ्या नावावर करा. हो, माझ्या. जे होईल ते मी बघते."

फोन ठेवून ती मला म्हणाली, "पाणी पोचायला दोन तास लागतील, खालच्या वळणापर्यंत तीन. तोवर कारंजी चालवायची तर तळाचं पाणी नको. खालचे पाइप काढता येतात?"

"येतात. पण कारंजं काठावर ओढून…"

"ओढायला माणसं नाहीत. पाण्यात उतरून येतात का?"

"येतात," मी म्हणालो. कधी कुणी काढले नव्हते.

एका पाइपाला चार बोल्ट. मी छातीभर पाण्यात, एक हात कारंज्याच्या तरंगत्या टाकीला, दुसऱ्या हातात पाना, आणि डोळे असून नसल्यासारखे, कारण बोल्ट पाण्याखाली आणि पाणी काळं. पायाखाली गाळ. माझ्या पोटऱ्यांना, कमरेला मासे धडकत होते. एरवी मासा माणसाच्या जवळ येत नाही. त्यांच्यात आता बाजूला व्हायची ताकद नव्हती. पहिल्या कारंज्याचा पाइप सुटला, तिने नाव काठाला लावून ते चालू केलं, वरचंच पाणी वर उडून पडायला लागलं आणि मासे अक्षरशः त्या धारेखाली गोळा झाले. दुसरं. तिसरं. चौथ्याला माझ्या बोटांची सालं निघाली. ती नावेत बसून टॉर्च धरत होती आणि 'डावीकडे', 'आणखी', 'थांब' याशिवाय एक शब्द बोलत नव्हती.

पाचवं खालच्या वळणावर होतं. तिथे पोचलो तेव्हा अंधार झाला होता. तीन बोल्ट निघाले, चौथा गंजला होता. टॉर्चच्या उजेडात तो मला सापडायचा आणि हातातून पुन्हा निसटायचा. पाना दोनदा पाण्यात पडला, दुसऱ्यांदा मिळालाच नाही. तिने म्हटलं, "राहू दे." मी म्हटलं, "आणखी एकदा." तिने म्हटलं, "राहू द्या."

सकाळी उजाडल्यावर दिसलं ते असं. वरून मामांचं पाणी आलं होतं, अर्ध्या नदीवर त्याची फिकी पट्टी पडली होती. पहिल्या चार कारंज्यांखाली मासे दाटीने होते, दमलेले, पण कल्ले हलत होते. तिने आकडा घेतला. साडेतीन. दोनदा नाही, एकदाच घेतला. खालच्या वळणावर मात्र पाण्याचा रंगच बदलला होता. तिथे पांढरी पोटं होती, काठापर्यंत. मोठे मासे जास्त. त्यांना हवा जास्त लागते, म्हणून ते आधी जातात. हेही तिनेच पूर्वी कधीतरी सांगितलं होतं.

आठला साहेब आले. वळणावर जाऊन बघून आले, रुमाल काढला, परत ठेवला.

"मामा म्हणत होते तुम्ही दार उघडायला लावलंत," ते तिला म्हणाले. "विचारायचं तरी. असो. उन्हाने झालं असं लिहा. दर उन्हाळ्यात थोडेफार मरतातच. कागदावर अर्धा तास आहे, सही आहे, सगळं व्यवस्थित आहे. कशाला वाढवायचं?"

मोकळी वाट होती. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं, ना तिचं, ना माझं. साहेब तिच्या उत्तराची वाट बघत होते. ती साहेबांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"उन्हाने नाही, साहेब," मी म्हणालो. "मी पाचही लावली. तुमच्यासमोर. अडीच ते तीन दहा. कागदावर तीस मी लिहिलं. यांना मी सांगितलं ते साडेपाचला, आणि तेही खोटं सांगितलं. खरं सांगितलं ते सहा पस्तीसला. सही यांची असली तरी आकडा माझा आहे."

"तुम्हाला कुणी विचारलं?" साहेब चिडले. पण तिने पेन काढलं होतं. तिने कागदावरचं 'तीस' एका रेघेने खोडलं, वर 'चाळीस, पाचही' असं लिहिलं आणि बाजूला वेळ टाकली. आधी सही करून ठेवल्याचंही तिने खाली दोन ओळींत लिहून दिलं. ते लिहू नकोस असं मी म्हणणार होतो. म्हणायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

साहेबांनी कागद घडी करून खिशात घातला. तिच्यावर काय कारवाई होईल ते वरचे ठरवणार. मला तिथल्या तिथे चौकातल्या कारंज्यांवर परत पाठवलं, आणि ते बरोबरच केलं. गाडीत बसताना त्यांनी एकच विचारलं, "रविवारी उडतील ना?"

घरी येताना आम्ही पायी आलो. बराच रस्ता गेल्यावर मी विचारलं, "साडेपाचलाच खरं सांगितलं असतं तर?"

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे आता. लोक म्हणतात तसं.

"एक तास पाच मिनिटं मिळाली असती," ती म्हणाली. "पाचव्या कारंज्याला उजेड मिळाला असता. वळणावरचे वाचले असते."

"सगळे?"

"बहुतेक सगळे."

घरात शिरल्यावर ती कपडे न बदलताच पलंगावर आडवी झाली. मी चहा टाकला. एक कप तिच्या उशाशी आणून ठेवला, एक मी खिडकीत उभ्याने प्यायलो. मला वाटलं तिला झोप लागली.

"गॅस बंद केलास?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"केला."

ती थोडा वेळ तशीच पडून राहिली. मग उठली, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली. बटण फिरवून बघितल्याचा आवाज मला ऐकू आला. परत येऊन ती आडवी झाली.

"बंद आहे," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.